इन्फ्रारेडने पेटणारा लाल दिवा: वरची ऊर्जा येते कुठून?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून टंकतोय.

आमची डाळिंबाची बाग जुन्नरकडे. तिकडच्या लोकांना कारण सांगायला नको, बिबट्यासाठी म्हणून मागच्या वर्षी बांधावर कॅमेरा बसवला. संध्याकाळी अंधारून आलं की त्यातून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि घरातल्या स्क्रीनवरचं रंगीत चित्र एकदम काळंपांढरं होतं. भिंगाभोवतीचे बारके दिवे नीट निरखून पाहिले तर विझत आलेल्या उदबत्तीसारखे मंद लाल दिसतात. उजेड म्हणावा असा काहीच पडत नाही, पण स्क्रीनवर बांधावरचं गवतसुद्धा मोजता येतं.

आठवीतला भाचा दिवाळीला आला होता. त्याने हे पाहिलं आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'न दिसणारा उजेड दिसणारा करून दाखवणारं यंत्र' ठेवायचं ठरवलं. मामाच्या गळ्यात काम पडलं. पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की करंट सोडणारा), बीसी ५४७ हा साधा ट्रान्झिस्टर, ४७० ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि नऊ व्होल्टची साधी बॅटरी घेतली. जोडणी झाली. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबलं की एलईडी फुरफुरत पेटतो. भाचा खूश.

आता दोन अडचणी.

एक, त्याच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी वहीत शेरा मारला: 'कमी ऊर्जेच्या प्रकाशापासून जास्त ऊर्जेचा प्रकाश मिळत नाही. ऊर्जेची अक्षय्यता पाहा.' पोरगं हिरमुसलं. मी बी.कॉम., मला उत्तर देता आलं नाही. इन्फ्रारेडची ऊर्जा लाल प्रकाशापेक्षा कमी, हे तर खरंच आहे ना?

दोन, दिवसा खिडकीत ठेवलं की एलईडी सारखा चालूच राहतो. दोन दिवस तसंच राहिलं आणि नवी कोरी बॅटरी मेली.

जाणकारांनी प्रकाश टाकावा (दिसणारा).

---

झणझणीत

त्यात काय एवढं? मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरा, बल्ब जांभळा चमकताना दिसतो. झालं की इन्फ्रारेडचं व्हिजिबल. मास्तरांना तेवढं दाखवा आणि विषय संपवा.

बाकी बिबट्याच्या अंगाची उष्णता तुमच्या कॅमेऱ्यात दिसते म्हणूनच तो अंधारात दिसतो. इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच.

---

ओहमकाका

माळरान, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दुसऱ्या अडचणीत आहे. त्या मेलेल्या बॅटरीत.

सावकाश सांगतो, निवृत्त माणसाला वेळच वेळ. एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. रिमोटचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे १.३२. तुमचा लाल एलईडी ६३० च्या आसपास, म्हणजे १.९७. एका फोटॉनमागे ०.६५ ची तूट आहे. शिक्षकांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

पण तुमच्या सर्किटमध्ये रिमोटचा फोटॉन लाल होतच नाही. तो फोटोट्रान्झिस्टरच्या सिलिकॉनमध्ये शोषला जातो आणि तिथेच त्याची गोष्ट संपते. मरताना तो एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. त्या चिमूटभर करंटने बीसी ५४७ उघडतो आणि मग एलईडीला बॅटरी करंट देते. नऊतले दोन व्होल्ट एलईडीवर गेले, उरलेले सात ४७० ओहमवर, म्हणजे पंधरा मिलिअँपिअर. एलईडी तीस मिलिवॉट खातो. मीटरभरावरच्या रिमोटचा जो उजेड त्या मुगाच्या दाण्याएवढ्या सेन्सरवर पडतो तो मायक्रोवॉटमध्ये मोजायचा. पाटाच्या पाण्याचं दार उघडायला एक हात पुरतो. पाणी हातातून येत नाही, धरणातून येतं.

साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत चारेकशे मिलिअँपिअर-तास असतात. पंधराने भागा, सव्वीस-सत्तावीस तास. खिडकीतल्या दोन दिवसांच्या उन्हाचा हिशेब बरोबर लागला की नाही?

झणझणीत, मोबाइलचंही तेच. त्याचा सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉन ११०० नॅनोमीटरपर्यंत बघतं. कॅमेऱ्याला ते इन्फ्रारेड आहे हे कळत नाही. पिक्सेलवरचे लाल, हिरवे, निळे असे तिन्ही फिल्टर त्या भागात पारदर्शकच असतात, म्हणून तिन्हीकडून थोडा थोडा सिग्नल येतो आणि स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका उमटतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, पुढच्यात ती कच्ची असते किंवा नसतेच. करून बघा, पुढच्या कॅमेऱ्यात रिमोट जास्त चमकेल.

बागेतल्या कॅमेऱ्याचा 'टक्' हा त्याच काचेचा. दिवसा ती सेन्सरसमोर असते, अंधार पडला की एक बारकी मोटर तिला बाजूला सरकवते. मंद लाल दिसणारे दिवे ८५० नॅनोमीटरचे. ९४० वाले घेतले तर तेवढंही दिसत नाही, पण सेन्सरलाही ते कमी दिसतं, त्यामुळे पल्ला घटतो.

---

फौजीभाऊ

काकांना +१. बिबट्याच्या उष्णतेचं मात्र राहिलं, ते मी घेतो.

बागेतल्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसतो तो कॅमेऱ्याच्याच दिव्याचा उजेड अंगावरून परत येतो म्हणून. सरळ टॉर्चच, फक्त आपल्या डोळ्याला न दिसणारी. अंगाची उष्णता बघणारं यंत्र वेगळं, थर्मल. नोकरीत दोन्ही वापरलीत, फरक एका रात्रीत कळतो.

नाइट व्हिजनची नळी डोळ्याला लावली की जग हिरवं होतं. कमी उजेडाच्या रात्री त्यात साबुदाण्याच्या खिचडीसारखे दाणे उकळत असतात, सतत हलणारे. एका डोळ्याने बघत असाल तर खोलीचा अंदाज जातो. पायाखालचा खड्डा आणि सावली सारखीच दिसते. नवीन पोरं पहिल्या रात्री हमखास आपटतात. आणि झुडपामागे माणूस निपचित बसला तर तो दिसेलच असं नाही, कारण ती नळी ताऱ्यांचा परत आलेला उजेड बघते.

थर्मलमध्ये तोच माणूस पिठात पडलेल्या निखाऱ्यासारखा उठून दिसतो. पण गंमत अशी की खिडकीच्या काचेमागे गेला तर गायब! साधी काच त्या उजेडाला भिंतीसारखी. म्हणून थर्मलची भिंगं जर्मेनियमची असतात, आपल्याला ती आरशासारखी चकचकीत दिसतात, आरपार काही दिसत नाही.

पुणेकरांसाठी: नाइट व्हिजनच्या नळ्या आपल्या भोसरीत बनतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सची बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी तेच काम करते. एमआयडीसीतून रोज जाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

---

पवनचक्की

फौजीभाऊ, भोसरीचा उल्लेख आला म्हणून नेदरलँड्समधल्या आयंडहोवनहून हजेरी लावतो. ती कंपनी १९९० मध्ये डेल्फ्ट इन्स्ट्रुमेंट्स या डच कंपनीबरोबर भागीदारीत सुरू झाली होती. म्हणजे आमच्या गावाशी धागा जुळतो (दोन्ही अर्थांनी).

कारण माळरान यांच्या भाच्याला जे यंत्र करायचंय, ते पहिल्यांदा याच गावात झालं. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत खिलेस होल्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये एक काचेची बंद नळी केली. आत हवा काढलेली पोकळी. एका बाजूच्या काचेवर चांदी-ऑक्सिजन-सीझियमचा पातळ थर, समोर अगदी जवळ दुसऱ्या काचेवर फॉस्फरचा थर, मध्ये काही हजार व्होल्ट. इन्फ्रारेड पहिल्या थरावर पडलं की तिथून इलेक्ट्रॉन उडतो, विजेच्या दाबाने सुसाट समोर जाऊन फॉस्फरवर आदळतो आणि तिथे दिसणारा ठिपका उमटतो. जिथून निघाला त्याच्या समोरच आदळतो, त्यामुळे चित्र जसंच्या तसं मिळतं. ना कॅमेरा, ना संगणक. इथे होल्स्टच्या नावाचं एक संशोधन केंद्रही आहे.

काकांचा बॅटरीचा मुद्दा इथेही लागू. येणारा फोटॉन दीडएक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, पण समोर पोचेपर्यंत इलेक्ट्रॉनकडे काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट जमलेले असतात. सगळी कमाई त्या दाबाची.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हे रणांगणावर आलं. जर्मनांचं 'व्हॅम्पायर' आणि अमेरिकनांचं 'स्नायपरस्कोप', जे १९४५ मध्ये ओकिनावात वापरलं गेलं. बंदुकीवर इन्फ्रारेड दिवा आणि दुर्बीण, पाठीवर किंवा कमरेला बॅटरीचं बोचकं. शत्रूकडे तशीच दुर्बीण असेल तर तुमचा दिवा त्याला दीपमाळेसारखा दिसणार, ही मोठीच गोची होती. म्हणून पुढे दिव्याशिवाय, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडावर चालणाऱ्या नळ्या आल्या.

त्यात मध्ये एक चकती घातली, मायक्रोचॅनल प्लेट. बोटाच्या नखाइतकी जाड काचेची चाळणी, तिला काही मायक्रॉनची लाखो भोकं, किंचित तिरकी. इलेक्ट्रॉन भोकात शिरतो, भिंतींवर आपटत जातो, प्रत्येक आपटण्यात आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. एक शिरला तर पलीकडून हजारोंची झुंड बाहेर पडते. फौजीभाऊंनी पाहिलेली उकळती खिचडी ती हीच, एकेका इलेक्ट्रॉनच्या झुंडीचा एकेक दाणा. अलीकडच्या नळ्यांत पहिला थर गॅलियम आर्सेनाइडचा असतो आणि तो ९०० नॅनोमीटरच्या आसपास आंधळा होतो. हिरवं का, तर डोळा ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात तीक्ष्ण म्हणून. आता पांढऱ्या फॉस्फरच्याही नळ्या मिळतात.

अवांतर: या देशात सहा महिने नाइट व्हिजन लावूनच फिरावं असं हवामान आहे.

---

झणझणीत

मान्य, उष्णतेचा मुद्दा मागे घेतो. पण मग मागे बातमी होती ना, चीनमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स काढल्यात, घातल्या की अंधारात दिसतं, बॅटरीबिटरी काही नाही. आमच्या ग्रुपवर तर 'डोळे मिटूनही दिसतं' असं फिरत होतं. आता काकांची बॅटरी कुठे गेली? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अणुरेणू

झणझणीत, पॉपकॉर्न बाजूला ठेवा. तुमच्या ग्रुपवरचं चक्क खरं होतं, फक्त अर्धं. (पीएचडी याच विषयात चालू आहे, लांबलं तर आवरतं घ्यायला सांगा.)

ओहमकाकांनी सांगितलेला रस्ता बॅटरीचा. दुसरा रस्ता वर्गणीचा: दोन गरीब फोटॉनांनी मिळून एक श्रीमंत फोटॉन काढायचा. शिक्षकांचा शेरा 'एका फोटॉनमागे एक' असा घेतला तर पक्का आहे, 'दोनामागे एक' म्हटलं की ऊर्जा अक्षय्यच राहते आणि रंगही बदलतो.

मी जो पांढरा भुगा बनवते त्यात सोडियम यिट्रियम फ्लोराइडच्या स्फटिकात यिटर्बियम आणि अर्बियम हे दोन धातू थोडे थोडे मिसळलेले असतात. यिटर्बियमला ९८० नॅनोमीटर फार आवडतं. तो एक फोटॉन गिळतो आणि ती ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देतो. अर्बियम एक मजला चढून तिथेच थांबतो. नेहमीच्या रंगद्रव्यात असा थांबा नॅनोसेकंदांचा असतो, इथे मात्र मिलिसेकंदांच्या घरात, म्हणजे अणूच्या हिशेबात वामकुक्षीच. तेवढ्यात शेजाऱ्याने दुसरा फोटॉन आणून दिला की तो दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथून खाली उडी मारताना ५४० च्या आसपासचा हिरवा उजेड टाकतो. हिशेब: १.२६ अधिक १.२६ म्हणजे २.५२, त्यातून २.३ चा हिरवा, उरलेलं स्फटिकाला ऊब म्हणून. वर चढणाऱ्या या युक्तीला अपकन्व्हर्जन म्हणतात आणि शेजाऱ्याकडून वर्गणी घेण्याचा हा प्रकार फ्रान्स्वा ओझेल याने १९६६ मध्ये दाखवला.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाचं सांगते. काचेच्या बारक्या कुपीत मिठासारखा भुगा, खोलीतले दिवे बंद, लेझर चालू केलाय हे फक्त वीजपुरवठ्याच्या आकड्यांवरून कळत होतं. कुपी सरकवत गेले आणि एका जागी भुग्यात मधोमध हिरवी सुई उभी राहिली. सुईच्या दोन्ही बाजूंना हवेत काहीच नाही! लेझर वापरणाऱ्यांकडे न दिसणारा किरण कुठे पडतोय ते शोधायला याच पदार्थाचं कार्ड असतं.

खोट कुठे, तर दुसरा फोटॉन पहिल्याची वामकुक्षी संपायच्या आत यायला हवा. म्हणून उजेड अर्धा केला की हिरवा अर्धा होत नाही, साधारण पावपट होतो. मंद उजेडात जवळजवळ शून्य. आणि २०२५ च्या त्या लेन्समध्ये याच जातीचे नॅनोकण आहेत. म्हणून त्या घालून लोकांना दिसला तो लुकलुकणाऱ्या इन्फ्रारेड एलईडीचा इशारा आणि तो कुठल्या बाजूने येतोय ते. चंद्र नसलेल्या रात्री रस्ता नाही. कण डोळ्यालाच चिकटलेले, प्रकाश सगळीकडे पसरवणार, त्यामुळे बारकावेही दिसत नाहीत.

डोळे मिटून जास्त चांगलं दिसतं हे खरं आहे. जवळचं (म्हणजे लाल रंगाला लागून असलेलं) इन्फ्रारेड पापणीतून आरपार जातं, दिसणारा उजेड अडतो, म्हणून गोंधळ कमी होतो.

---

फौजीभाऊ

ताई, मग या भुग्याने माणसाच्या अंगाची उष्णता दिसेल का कधी? थर्मल यंत्राचं ओझं तरी वाचेल.

---

अणुरेणू

दादा, वर्गणीचाच हिशेब करू. आपल्या अंगातून सगळ्यात जास्त उजेड ९.३ मायक्रॉनच्या आसपास निघतो. एका फोटॉनची ऊर्जा ०.१३. एक लाल काढायला पंधरा जण एकाच वेळी एकाच दारात यायला हवेत. हिरव्याला सतरा-अठरा. दोघांची वाट बघतानाच आमची दमछाक होते. शिवाय भुगाही अंगाइतकाच गरम, तो स्वतःच तोच उजेड फेकत बसणार.

म्हणून नेहमीचा थर्मल कॅमेरा फोटॉन मोजतच नाही. त्यात व्हॅनेडियम ऑक्साइडचे बारके पूल असतात, एकेक बारा-सतरा मायक्रॉनचा, ते उजेडाने किंचित तापतात, रोध बदलतो, तो मोजून स्क्रीनवर रंग भरले जातात. लाल-पिवळे रंग हा निव्वळ सॉफ्टवेअरचा साजशृंगार.

---

लेझरवेडा

वर्गणीचा आणखी एक प्रकार राहिला, आणि तो घराघरात आहे. हिरवा लेझर पॉइंटर!

त्याच्या पोटात हिरवं काहीच नसतं. बॅटरीवर ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड, त्याने निओडिमियमचा स्फटिक पेटतो आणि १०६४ देतो, तेही इन्फ्रारेडच. पुढे केटीपी नावाचा स्फटिक दोन फोटॉन एकजीव करतो: १०६४ चं थेट निम्मं, ५३२, झकास हिरवं. इथे थांबा नाही, मजले नाहीत, दोन्ही फोटॉन एकाच क्षणी. खिशात मावणाऱ्या नळीत तीन रंगांची साखळी, दोन न दिसणारे.

भाच्याला हेच न्यायला सांगा की!

---

ओहमकाका

लेझरवेडा, अजिबात नाही. शाळेच्या प्रदर्शनात तर नाहीच.

तुम्हीच सांगितलंत, तीनातले दोन रंग न दिसणारे. ते बाहेर येऊ नयेत म्हणून तोंडाशी फिल्टर लागतो, आणि स्वस्त मालात पहिला तोच गाळतात. २०१० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या संशोधकांनी असाच एक स्वस्त पॉइंटर तपासला. हिरवा फिकट पडत होता आणि इन्फ्रारेड त्याच्या कित्येक पट बाहेर येत होतं. हिरवा झगमगला तर डोळा आपोआप मिटतो. इन्फ्रारेडला पापणी लवत नाही, आणि भिंग ते पडद्यावर तितकंच टोकदार गोळा करतं.

त्यांनी घरी करायची चाचणीही सांगितली होती, ती मात्र चांगली आहे: लेझर घट्ट बांधून जुन्या सीडीवर मारायचा, परावर्तित ठिपके कागदावर घ्यायचे आणि एकदा साध्या, एकदा इन्फ्रारेड दिसणाऱ्या वेबकॅमने फोटो काढायचा. दुसऱ्या फोटोत जास्तीचे ठिपके आले तर पॉइंटर कचऱ्यात. मोठ्यांनी करावी, आणि फोटोतच बघावं.

---

पवनचक्की

अजून एक प्रकार मांडतो, कारण धाग्याच्या शीर्षकाला खरा तोच शोभतो. भाच्याचं यंत्र, पण एकाच चिपमध्ये.

फोटोडिटेक्टर आणि एलईडी वेगळे विकत घेऊन तारेने जोडण्याऐवजी एकावर एक थर वाढवायचे. खाली इन्फ्रारेड ओळखणारा थर, वर उजेड देणारा, दोन्हींतून एकच करंट. जिथे इन्फ्रारेड पडेल तिथेच करंट वाहील आणि नेमक्या त्याच जागी वर उजेड येईल. होल्स्टच्या नळीचाच विचार, फक्त पोकळीच्या जागी सेमीकंडक्टर. १९९५ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत एच. सी. ल्यू आणि सहकाऱ्यांनी क्वांटम वेलचा (सेमीकंडक्टरच्या अतिपातळ थरांचा) डिटेक्टर आणि एलईडी असे जोडून दाखवले.

याचा फायदा सहज लक्षात येत नाही. एरवी फोटॉन टिपणारा लांबच्या इन्फ्रारेडचा कॅमेरा म्हणजे डिटेक्टरची चिप वेगळी, वाचणारी सिलिकॉनची चिप वेगळी, आणि दोन्हींच्या हजारो पिक्सेलांना इंडियमच्या टिकल्यांनी एकास एक चिकटवायचं. महागडं आणि नाजूक काम. थरावर थर केले तर पिक्सेल पाडायचीच गरज नाही. वरून निघणारा उजेड साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याला दिसेल इतका आणला की काम झालं. ल्यूंच्या यंत्रातून निघणारा उजेडही तसा जवळच्या इन्फ्रारेडमधलाच होता, डोळ्यासाठी नव्हे, सिलिकॉनसाठी. नंतरच्या लोकांनी वरच्या थराला ओएलईडी वापरून खरोखर डोळ्याला दिसणारं केलं, फ्लोरिडातल्या एका गटाने खाली शिशाच्या संयुगाचे क्वांटम डॉट्स (काही नॅनोमीटरचे कण) घालून.

आणि माळरान, तुमच्यासाठी खास: बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या शिंग शेंग यांच्या गटाने २०१८ मध्ये बॅटरी नसलेलं असं यंत्र केलं. गॅलियम आर्सेनाइडचे दोन फोटोडायोड एकापाठोपाठ, त्यांच्या जोडीला लाल एलईडी. प्रत्येक डायोड ८१० नॅनोमीटरचा फोटॉन घेऊन एकेक व्होल्टच्या आसपास दाब देतो, दोघांचा मिळून एलईडीला पुरतो. वर्गणीचीच बॅटरी! अणुरेणूंच्या भुग्याला दोन फोटॉन एकाच अणूच्या दारात लागतात, इथे करंट वाहतो, त्यामुळे उजेड अर्धा केला तर लालही साधारण अर्धाच होतो. आकार मिलिमीटरपेक्षाही लहान, हेतू हा की शरीरात टोचून बाहेरून इन्फ्रारेड मारायचं आणि आत दिवा लावायचा. शंभर फोटॉन आत गेले तर दीडएक बाहेर येतो, त्यामुळे वीजबिल वाचवायला कुणी घेऊ नये.

---

कुसुमाग्रजांची_पेन्सिल

विज्ञानातलं ओ का ठो कळत नाही, पण वाचनखूण साठवली. 'इन्फ्रारेडला पापणी लवत नाही' हे लक्षात राहील.

माळरान, प्रदर्शनाचं काय झालं ते नक्की लिहा.

---

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रदर्शन परवा झालं. मध्ये ओहमकाकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून छळलं, त्याचा वृत्तान्त.

खिडकीच्या उन्हावर काकांनी उपाय सांगितला: जुन्या रंगीत फिल्मच्या निगेटिव्हची शेपटी, जी उजेड लागून धुतल्यावर पूर्ण काळी होते. डोळ्याला ती काळी, इन्फ्रारेडला आरपार. घरातल्या लग्नाच्या निगेटिव्हच्या पाकिटात दोन तुकडे सापडले. एकावर एक ठेवून सेन्सरवर चिकटवले. उन्हात एलईडी तरीही पेटतोच, कारण उन्हातच इन्फ्रारेड भरलेलं आहे, ते काकांनी आधीच सांगितलं होतं. पण आता खोलीतल्या एलईडी बल्बने पेटत नाही आणि जुन्या पिवळ्या बल्बने पेटतो. भाच्याने टेबलावर दोन्ही बल्ब शेजारी ठेवले होते, दोन्हींचा उजेड डोळ्याला सारखा. त्याचंच लोकांना जास्त नवल वाटलं.

तक्त्यावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हे यंत्र इन्फ्रारेडचा लाल प्रकाश करत नाही. लाल प्रकाश बॅटरी करते. इन्फ्रारेड फक्त सांगतं, कधी.' शिक्षकांनी वाचलं, बॅटरी काढून रिमोट दाबून पाहिला, परत लावून दाबला, आणि वहीतल्या शेऱ्याखाली तारीख घालून सही केली. बक्षीस मिळालं नाही, ते हायड्रोलिक जेसीबीला गेलं. दरवर्षी जातं म्हणे.

काल रात्री पोरगं ते घेऊन देवघरात गेलं. आईने निरांजन लावलं होतं. फिल्म लावलेला सेन्सर वीतभरावर धरला तर लाल एलईडी पेटला, आणि ज्योत जशी थरथरते तसाच थरथरायला लागला. आई म्हणाली, राहू दे तिथेच. रात्रभर तसंच ठेवलंय.

---

ओहमकाका

निरांजन विझलं की एलईडी आपोआप बंद होईल. पण देवघराला पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी ऊन यायच्या आत बॅटरी काढा.

---

माळरान

आहे हो काका, पूर्वेचीच. आत्ता वाचलं. उतरली.